जागच्या जागी चालणारी माणसं

आमच्या न्हाणीघरातल्या फळीवर मुलतानी मातीचा एक पुडा कायम असायचा. मावशी सुट्टीत राहायला आली की तो खाली उतरायचा. वाटीत दोन चमचे माती, वर गुलाबपाणी, आणि मग अर्धा तास मावशीनं बोलायचं नाही की हसायचं नाही. हसली की चेहऱ्यावर भेगा पडत, मे महिन्यातल्या शेतासारख्या. आम्ही पोरं अर्थातच तिला हसवायला टपलेलो असायचो. त्या पुड्यावर नावाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत ‘फुलर्स अर्थ’ असं छापलेलं होतं. पाचवीतल्या इंग्रजीच्या जोरावर मी त्याचा अर्थ लावला : फुलर नावाच्या साहेबाची माती. हा साहेब मुलतानला कलेक्टर असणार, घोड्यावरून रपेट करताना त्याचा घोडा कुठंतरी घसरला असणार, आणि तिथंच त्याला ही माती सापडली असणार. घोड्याचा रंगसुद्धा मी ठरवून टाकला होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं की या मातीमागं कुणी एक साहेब नाही. फुलर हा धंदा आहे, आणि धंद्यावरून पडलेलं आडनाव. फुलर आडनावाचे साहेब इकडं येऊन गेले, नाही असं नाही. वंगभंगानंतर १९०५मध्ये पूर्व बंगाल आणि आसाम हा नवा प्रांत झाला, त्याचे पहिले लेफ्टनंट गव्हर्नर बँफिल्ड फुलर. पुढच्याच वर्षी त्यांना राजीनामा द्यावा लागला. मावशीच्या चेहऱ्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण त्यांच्या कुठल्या तरी खापरपणजोबाच्या पणजोबाचा या मातीशी बहुधा रोजचा संबंध होता, आणि तोही हाताचा नव्हे, पायाचा.

फुलर करायचा काय? या कामाला मराठीत नेमका शब्द सापडत नाही, आणि त्यात नवल नाही. आपला मुलूख सुताचा. सुती कापड मागावरून उतरलं की धुवावं, रंगवावं, नेसावं. लोकरीचं तसं नाही. कातण्याआधी लोकरीला तेल नाहीतर लोणी चोळलेलं असतं, त्यामुळं मागावरून उतरलेलं कापड तेलकट, विरविरीत आणि घाण वासाचं असतं. आरपार उजेड दिसतो, वारा तर जातोच. ते अंगावर घालण्याजोगं व्हायला तुडवावं लागतं. लाकडी किंवा दगडी हौदात कापड घालायचं, त्यावर शिळं मूत्र ओतायचं आणि आत उतरून तासन्‌तास पायांनी मळायचं. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो, तो तेल कापतो. मग ही माती घालायची. उरलासुरला चिकटा ती पिऊन टाकते, जशी मावशीच्या गालावरचा तेलकटपणा पिऊन टाकायची. मग स्वच्छ पाणी, आणि पुन्हा तुडवणं. लोकरीच्या धाग्याला डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. ओल आणि रगड मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. आटतं म्हणजे किती? मागावर तीन वारांच्या आसपास रुंद विणलेला तागा पावणेदोन-दोन वारांवर यायचा. सोडलेली जागा भरून निघायची, वीण दिसेनाशी व्हायची, आणि इंग्लंडच्या पावसाला पुरून उरेल असं दाट कापड हाती यायचं. तयार कापडाची रुंदी दोन ‘एल’ असावी असं १२१५च्या मॅग्ना कार्टात एक कलमच आहे. राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या त्या सनदेत कापडाची रुंदी कशाला आली, असं वाटतं खरं. पण इंग्लंडचा सगळा पैसाच त्या काळी मेंढीच्या पाठीवर होता.

रोमन लोकही हेच करत. पाँपेईत राखेखाली गाडले गेलेले असे कारखाने सापडलेत आणि हौदात उभं राहून कापड तुडवणाऱ्या माणसांचं भिंतीवरचं चित्रही. रोमच्या व्हेस्पेशियन बादशहानं तर या मूत्रावर कर बसवला. मुलानं नाक मुरडलं तेव्हा बापानं त्याच्या नाकाशी नाणं धरलं आणि विचारलं, वास येतो का, अशी कथा आहे. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये घरोघरी पिंपात साठवलेलं मूत्र कापडवाले अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत गोळा करून नेत.

हे सगळं वाचताना मला किळस यायला हवी होती. त्याऐवजी पाय थंड पडले. कारण ते तुडवणं मला ठाऊक होतं. घटस्थापनेआधी आमच्याकडं गोधड्या धुवायला निघत. आजी, काकू, शेजारच्या दोघी आणि आम्ही सगळी पोरं असा तांडा नदीवर जायचा. वर्षभराचा घाम, तेल आणि धूर प्यायलेली गोधडी भिजली की दोन बायांना उचलत नाही, मग चोळणार कोण? ती खडकाच्या खोलगट भागात पसरायची, वर साबणाचा चुरा टाकायचा आणि पोरांना वर चढवायचं. ‘चाला रे, थांबू नका!’ आजी पाण्यातून ओरडायची. आम्ही चालायचो. एकमेकांचे खांदे धरून, जागच्या जागी, पायाच्या बोटांतून काळं पाणी वर येईपर्यंत. तासभर चालून आम्ही एक पाऊलही पुढं गेलेलो नसायचो. एकदा चुलतभाऊ कंटाळून गोधडीवरून उतरला, तर आजीनं त्याच्या पाठीत ओला धपाटा घातला आणि म्हणाली, ‘निम्म्यावर सोडलेली गोधडी कुबट मारते, बाबा. चढ वर.’

या धंद्याची गंमत अशी की एकाच कामावरून इंग्लंडात तीन आडनावं पडली. लंडनच्या आसपास आणि पूर्वेला जो फुलर, तो नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडं टकर, आणि उत्तरेला यॉर्कशर-लँकेशरकडं वॉकर. फुलर हा शब्द लॅटिनमधून आला, रोमनांच्या त्या हौदांतून. टकर ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून आला त्याचा मूळ अर्थ छळणं, हाल करणं. कापडाला छळतो तो टकर. एक्सेटर शहरात त्यांची ‘टकर्स हॉल’ ही वास्तू १४७१पासून उभी आहे. विणकर, तुडवणारे आणि कातरणारे अशा तिघांची ती मंडळी. कोकणातल्या माणसाचं आडनाव ऐकून खाडीच्या अलीकडचा की पलीकडचा हे सांगणारी माणसं आपल्याकडं असतात. तसंच या तीन आडनावांवरून इंग्लंडच्या नकाशावर बोट ठेवता यायचं. आगगाड्या सुरू झाल्या आणि मग सगळी सरमिसळ झाली.

मला लळा लागला तो वॉकरचा. आधी तर मराठी कानामुळं. चिपळूणकर, पुणेकर ऐकून तयार झालेला हा कान वॉकर म्हटलं की विचारतो, ‘वॉ’ हे गाव कुठल्या तालुक्यात? मग लक्षात येतं की आपल्याकडं दुसराही एक ‘कर’ आहे, गावाचा नव्हे, कामाचा. विणकर. त्या ओळीत वॉकर बरोबर बसतो, शेजारी शेजारी, एकानं विणायचं आणि दुसऱ्यानं तुडवायचं. भाषांतर करायचंच तर मी ‘तुडवे’ करीन. श्री. तुडवे, निवृत्त शाखाधिकारी. कुठल्याही वास्तुशांतीच्या पत्रिकेत खपून जाईल.

‘वॉक’ म्हणजे चालणं, म्हणून कापडावर चालतो तो वॉकर, असं सरळ वाटतं. पण शब्दांचा क्रम उलटा आहे. जुन्या इंग्रजीत ज्या ‘वेअल्कन’पासून हा शब्द आला त्याचा अर्थ लोळणं, घुसळणं, हेलकावणं. समुद्राच्या लाटांना तो लागायचा. कापड हौदात घुसळणारा तो ‘वेअल्केरे’. पायी चालणं हा अर्थ त्या क्रियापदाला नंतर, तेराव्या शतकाच्या आसपास चिकटला. लाटांचा शब्द माणसाच्या पायांत कसा आला याची साखळी पूर्ण जुळत नाही, पण एवढं नक्की की वॉकर हा शब्द चालण्याच्या आधीचा आहे. सगळी इंग्रजी भाषा चालायला लागली, तेव्हा हा आपला हौदातच होता.

हौदात तरी किती काळ राहिला? इथं मला या आडनावाची खरी मजा दिसते. ११८५मध्ये टेंपलर सरदारांनी आपल्या इंग्लंडातल्या मालमत्तेची यादी केली. तिच्यात यॉर्कशरमधल्या न्यूझम आणि कॉट्सवल्ड भागातल्या बार्टन इथं कापड तुडवणाऱ्या पाणचक्क्यांची नोंद आहे. पाण्यानं फिरणारं चाक, त्याच्या दांड्यावर खुंट्या, आणि खुंट्यांनी आळीपाळीनं उचलले जाणारे जाड लाकडी हातोडे. माणसाचे पाय गेले, मुसळं आली. पुढच्या शंभर वर्षांत या चक्क्या ओढ्याओढ्यावर झाल्या. एलिनॉरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१मध्ये एका निबंधात याला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांतीच म्हटलं. इतरांना ते जरा जास्तच वाटलं, आणि तो वाद पुढं पुष्कळ वर्षं चालला.

चक्की बांधायला पैसा लागतो, आणि पैसा होता जमीनदारांकडं नाहीतर मठांकडं. सेंट ऑल्बन्सच्या मठानं चक्की बांधली आणि हुकूम काढला की गावातलं कापड इथंच तुडवायचं, पैसे देऊन. गावकरी म्हणाले, आमच्याकडं पाय आहेत. ते घरातल्या घरात, दारं लावून तुडवू लागले. मठाची माणसं घरं धुंडाळू लागली. १२७४मध्ये प्रकरण हातघाईवर आलं. गावानं लढ्यासाठी वर्गणी काढली, आणि एलिनॉर राणी गावात येणार असं कळताच बायका तिच्याकडं गाऱ्हाणं घेऊन गेल्या. शेवटी कोर्टानं मठाच्या बाजूनं कौल दिला. राग मात्र मुरत राहिला. धान्याचंही हेच होतं : घरात जातं ठेवायचं नाही, मठाच्या गिरणीतच दळायचं. पुढच्या शतकात वॉलिंगफर्डचा रिचर्ड नावाचा मठाधिपती झाला. ग्रहताऱ्यांचं अद्‍भुत घड्याळ रचणारा हा मोठा गणिती. पण यानंच लोकांची जाती जप्त करून त्यांच्या तळ्यांची फरशी आपल्या मठातल्या खोलीत बसवली. १३८१च्या शेतकऱ्यांच्या बंडात गावकरी आत घुसले, ती फरशी उखडली, जात्यांचे तुकडे केले आणि प्रसादासारखे वाटून घेतले. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात हे बंड येतं. ते जात्यांचे तुकडे येत नाहीत.

इंग्लंडात आडनावं पक्की होत होती तीही याच काळात. नॉर्मन १०६६मध्ये आले आणि त्यांच्याबरोबर नावांचाही दुष्काळ आला. जो तो जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड नाहीतर थॉमस. गावात तीन पांडुरंग असले की एक चक्कीवाला, एक वरच्या आळीचा आणि एक बुटका होतो, तसंच ते. सुरुवातीला हे शेपूट माणसाबरोबर मरायचं. जॉन तुडव्याचा मुलगा लोहार झाला तर तो लोहार. मग कर गोळा करणारे आले, वारशाचे दावे आले, कागद आले. कागदाला शेपूट हलवलेलं आवडत नाही. १३७७ ते १३८१ या काळातल्या डोईपट्टीच्या याद्यांत कुठं आडनाव आणि धंदा जुळतात, कुठं जुळत नाहीत. १४०० उजाडलं तेव्हा बहुतेक इंग्रजांच्या पोरांना बापाचं आडनाव जन्मतःच लागलं होतं. उत्तरेकडं थोडा उशीर लागला. म्हणजे बघा, हौदातले पाय बाहेर निघत होते, हातोडे कामाला लागत होते, नेमक्या त्याच दिवसांत तुडवणाऱ्यांच्या पायांना कायमचं नाव मिळालं. पहिल्या अस्सल, पिढीजात वॉकरांपैकी कितीकांनी स्वतः कधी कापड तुडवलं असेल? पुष्कळांनी फक्त चक्कीच्या पाण्याचा दरवाजा उघडला असेल. त्याच शतकातला कवी लँगलंड ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये, मागावरून उतरलेलं कापड पायाखाली किंवा चक्कीत गेल्याशिवाय अंगावर घालण्याजोगं होत नाही, असं सांगतो आणि त्याची तुलना बाप्तिस्मा न झालेल्या बाळाशी करतो. पाय आणि चक्की, दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर होते.

हे मला हसत वाचता येईना, कारण माझं आडनाव कुलकर्णी. ते वतन मुंबई राज्याच्या १९५०च्या कायद्यानं गेलं. आजोबांच्या पेटीत दोन-चार मोडी कागद उरले, ते वाचता येणारं घरात कुणी नाही. मला घरचा दूधवाल्याचा हिशेब जुळवता येत नाही, आणि मी कुळाचा करणी. तरी फरक आहे, आणि तो अवघड जागेचा आहे. वॉकर म्हटल्यावर आज लंडनमध्ये कुणी समोरच्याच्या पायांकडं बघत नाही. आपल्याकडं आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, ‘म्हणजे कुठले?’ आणि विचारणाऱ्याला गाव नको असतं. तिकडं धंदा सुटला, नाव राहिलं. इकडं लोक नाव बदलूनही बघतात, तरी समोरचा खोदतच राहतो.

एकट्या कापडानं इंग्रजांना किती आडनावं पुरवली याची मोजदाद मी करणार नाही. वेबस्टर विणायचा, खरं म्हणजे विणायची, कारण तो ‘स्टर’ मुळात बायकांचा. लिस्टर आणि डायर रंगवायचे, शर्मन लव कातरायचा, ड्रेपर विकायचा, टेलर शिवायचा. तुडवून आटलेलं कापड चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवत. जीव टांगणीला लागला की इंग्रज आजही त्या आकड्यांवर लटकतात, फक्त ते आकडे कशाचे होते हे त्यांना आठवत नाही.

सगळ्यात दूर, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर हे काम विसाव्या शतकापर्यंत माणसांच्याच अंगावर राहिलं, आणि तिथं ते बायकांचं होतं. फळीभोवती बसून ओलं कापड आपटायचं, एकीकडून दुसरीकडं सरकवायचं आणि गायचं. एक सांगणार, बाकीच्या धरणार. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच. गाणं कामाच्या ठेक्यावर बेतलेलं आणि सासरच्या उखाळ्यापाखाळ्यांनी भरलेलं. एका कापडावर एकच गाणं दोनदा म्हणायचं नाही, अपशकुन होतो. तिथल्या गेलिक भाषेत ‘तुडवणाऱ्याचा मुलगा’ असं एक आडनाव होतं. त्या भाषेची पीछेहाट झाली तसं इंग्रजी कागदांवर त्यातल्या कितीकांचं सरळ वॉकर झालं.

स्कॉटलंडच्याच एका वॉकरनं हे नाव जगाच्या प्रत्येक बाजारात नेलं. जॉन वॉकरनं १८२०मध्ये किल्मारनॉक गावात किराणा दुकान टाकलं. त्याची व्हिस्की मोठी झाल्यावर १९०८मध्ये टॉम ब्राउन या चित्रकारानं एक माणूस काढून दिला, तांबडा कोट, उंच टोपी, हातात काठी, लांब ढांगा टाकत निघालेला. बाटलीवर तो अजून चालतोय. हौदात जागच्या जागी तुडवणाऱ्याचं नाव, आणि चित्र मात्र थांबायचं नाव न घेणाऱ्याचं! त्या बाटलीवरून गुरुदत्तनं मुंबईतल्या एका बस कंडक्टरला, बद्रुद्दीन काझीला, पडद्यावरचं नाव दिलं. जॉनी वॉकर दारुड्याच्या भूमिका अप्रतिम करायचा, आणि स्वतः दारूला शिवायचा नाही असं म्हणतात. त्याच्याही आधी, १८०७मध्ये, बडोद्याचा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर यानं काठेवाडातल्या संस्थानिकांची खंडणी कायमची ठरवून दिली. तोवर गायकवाडांची मुलूखगिरीची फौज ती वसूल करायला तिकडं चालत जायची. वॉकरनं चालणं बंद केलं. याहून समर्पक काम त्या आडनावाला इतिहासात मिळालं नसेल.

आणि तरी या आडनावाचा विचार करताना मला किल्मारनॉक आठवत नाही, बडोदाही नाही. आठवते अमेरिकेतली लेखिका ॲलिस वॉकर, ‘द कलर पर्पल’वाली. तिच्या घरात हे नाव कापडामुळं आलेलं नाही. काळ्या गुलामांकडं इंग्रजी आडनावं आली ती कशी आणि कुणाकडून, ते सांगायला नको. तिच्या पणजीच्या आजीला गुलाम म्हणून व्हर्जिनियाहून जॉर्जियातल्या ईटन्टन गावापर्यंत पायी नेलं होतं. दोन्ही कडेवर दोन लेकरं होती. ॲलिसनं १९६७मध्ये लग्न केलं तरी माहेरचं नाव सोडलं नाही, आणि कारण लिहून ठेवलं : त्या चालण्याची आठवण म्हणून.

व्युत्पत्तीच्या हिशेबानं ती चुकली. वॉकर म्हणजे चालणारा नव्हे. वॉकर म्हणजे हौद, मूत्र, मुलतानी माती, आटणारं कापड. मी हा सगळा हिशेब गोळा केलाय, तारखांसकट. पण शेकडो मैल चालत गेलेल्या त्या बाईची गोष्ट वाचून झाल्यावर मी कोश मिटला. तिच्या पायाखाली कापड नव्हतं, रस्ता होता. आणि ती जागच्या जागी चालत नव्हती.